लिडस्डेल आणि एस्कडेल : स्कॉटलंडच्या सीमेवरचा मुलूख

इंग्लंडांतून स्कॉटलंडांत जाणारा प्रवासी बहुधा सीमेवर थांबत नाहीं. हिरव्या टेकड्या, त्यांवर विखुरलेलीं मेंढरें आणि दगडी कुंपणें खिडकींतून पाहत पाहत तो एडिंबरोची वाट पाहत असतो. ज्या मुलखांतून तो असा निघून जातो त्या मुलखाच्या पश्चिम अंगाला दोन लहान खोरीं आहेत. एक लिडल नदीचें, म्हणजे लिडस्डेल; दुसरें एस्क नदीचें, म्हणजे एस्कडेल. लिडल नैर्ऋत्येकडे वाहत येऊन एस्कला मिळते, आणि एस्क पुढें सॉल्वेच्या खाडींत जाते. दोन्ही खोऱ्यांत मिळून मोठें असें एकहि शहर नाहीं. लँगहोम हें एस्कच्या कांठचें लहानसें गांव आणि न्यूकॅसलटन हें लिडलच्या कांठचें त्याहूनहि लहान खेडें, हींच येथलीं ठळक ठिकाणें. एका गांवाहून दुसऱ्या गांवाला जाणारा सुमारे दहा मैलांचा रस्ता उघड्या माळरानावरून जातो. उन्हाळ्याच्या अखेरीस हेदर नांवाच्या खुरट्या झुडपाला फुलें येतात आणि सगळा माळ जांभळा होतो. एरवीं तेथें वाऱ्याचा आणि मेंढरांचा आवाज तेवढा ऐकूं येतो.

ही शांतता तशी फार जुनी नाहीं. तेराव्या शतकाच्या अखेरीपासून १६०३ सालापर्यंत, म्हणजे तीनशें वर्षें, हीं खोरीं सगळ्या ब्रिटनमध्यें बेबंदपणाबद्दल कुप्रसिद्ध होतीं. येथें जें जें पाहण्यासारखें आहे, मग तो किल्ला असो, मनोरा असो, मातीचा बांध असो कीं गांवचा उत्सव असो, त्याचें मूळ त्या तीनशें वर्षांत सांपडतें. म्हणून आधीं तो काळ थोडा समजून घेतला पाहिजे. नाहींतर येथले दगड केवळ दगडच राहतील.

इंग्लंड आणि स्कॉटलंड हीं तेव्हां दोन निराळीं राज्यें होतीं आणि त्यांच्यांत वारंवार युद्धें होत. सैन्य उत्तरेकडे जावो वा दक्षिणेकडे, पीक जळावयाचें तें सीमेवरच्या शेतकऱ्याचें. ज्या जमिनीवर पेरलेलें आपल्याच हातीं लागेल याची शाश्वति नाहीं, तेथें माणूस पेरणी कमी करतो आणि पायांनीं चालणारी, हांकून नेतां येणारी संपत्ति बाळगतो. ती संपत्ति म्हणजे गुरें. परंतु जी संपत्ति स्वतःला हांकून नेतां येते ती दुसऱ्यालाहि हांकून नेतां येते. आर्मस्ट्राँग, एलियट, ग्रॅहम, स्कॉट, निक्सन, क्रोझर अशीं घराणीं या खोऱ्यांतून नांदत होतीं, आणि एकमेकांचीं गुरें रात्रीं पळवून आणणें हा त्यांचा उपजीविकेचा रीतसर मार्ग होऊन बसला. या स्वारांना तिकडे ‘रीव्हर’ म्हणत. त्यांचा हंगाम शरद ऋतूंत सुरू होई. कारण उघड होतें. उन्हाळ्याचा चारा खाऊन गुरें धष्टपुष्ट झालेलीं असत, रात्री लांबलेल्या असत आणि जमीन अजून घोड्यांना चालण्याजोगी असे. ते चिवट, ठेंगण्या घोड्यांवर बसत, डोक्याला पोलादी टोप घालीत, हातांत लांब भाला घेत. वाट त्यांना अंधारांतहि ठाऊक असे.

हार्डनच्या स्कॉट घराण्यांतील एका गृहिणीची गोष्ट तिकडे अजून सांगतात. घरांतलें मांस संपलें कीं ती जेवणाच्या वेळीं झांकलेलें ताट नवऱ्यापुढें ठेवी. झांकण काढावें तों आंत घोडेस्वाराच्या टाचेच्या लोखंडी आऱ्या! तोंडानें एक शब्दहि न बोलतां तिनें आपलें म्हणणें सांगितलेलें असे. गोष्ट खरी असो वा नसो, त्या संसारांतील अर्थशास्त्र तिच्यांत बरोबर आलें आहे.

गुरें न पळवण्याबद्दल घ्यावयाचे पैसे ही या धंद्याची दुसरी शाखा. शेतकऱ्यानें एखाद्या दांडग्या घराण्याला ठराविक रक्कम द्यावी आणि त्या घराण्यानें स्वतः त्याला छळूं नये, इतरांनाहि छळूं देऊं नये. या वसुलीला ‘ब्लॅकमेल’ म्हणत. त्यांतील ‘मेल’ याचा अर्थ खंड किंवा सारा. आज जगभर ज्या अर्थानें हा शब्द वापरतात तो मागाहूनचा. शब्दाचें जन्मस्थान हा डोंगराळ मुलूख. मराठी वाचकाला येथें चौथाईची आठवण होईल. परंतु चौथाईमागें एक राज्य होतें, सनदा होत्या आणि दप्तरें होतीं. ब्लॅकमेलमागें शेजारच्या टेकडीवरचा एक दगडी मनोरा आणि चाळीसपन्नास भालेच काय ते असत.

दोन्ही राजांनीं या प्रकाराला आळा घालण्यासाठीं सीमेचे पूर्व, मध्य आणि पश्चिम असे दोन्ही बाजूंस तीन तीन भाग पाडून प्रत्येकावर ‘वॉर्डन’ नांवाचा अधिकारी नेमला होता. सीमेवरचा कायदाहि निराळा होता. दोन्ही देशांच्या बारा बारा सरदारांनीं १२४९ सालीं बसून त्याचें कलमवार लेखन केलें होतें. ज्याचीं गुरें गेलीं त्याला सहा दिवसांच्या आंत पाठलाग करण्याचा अधिकार होता, आणि या पाठलागांत सीमा ओलांडणें गुन्हा नव्हता. मात्र तो उघडपणें केला पाहिजे. भाल्याच्या टोकावर पेटलेलें मातीचें ढेंकूळ खोंचून, कुत्रीं भुंकवीत, शिंगें फुंकीत जावयाचें, म्हणजे हा चोर नव्हे, धनी आहे, हें वाटेंतल्या सर्वांना कळावें. ठराविक दिवशीं दोन्हीकडचे वॉर्डन एकत्र जमून खटले चालवीत. त्या दिवशीं सूर्योदयापासून दुसऱ्या दिवसाच्या सूर्योदयापर्यंत कोणीं कोणावर हात टाकावयाचा नाहीं, असा करार असे. हा करार किती नाजूक होता तें पुढें दिसेलच.

आतां हीं स्थळें पाहूं. न्यूकॅसलटनपासून उत्तरेस सुमारे पांच मैलांवर, रस्त्यापासून थोड्या अंतरावर, हर्मिटेजचा किल्ला एकटाच उभा आहे. आसपास गांव नाहीं, झाडी बेताची, आणि शेजारून एक ओढा वाहतो. मूळ किल्ला तेराव्या शतकांत डी सूलिस घराण्यानें बांधला. आज दिसतें तें बांधकाम बहुतेक चौदाव्या शतकांतलें. सौंदर्यासाठीं येथें कोणी कांहीं केलें असेल असें वाटत नाहीं. दोन्ही टोकांच्या बुरुजांमधून एक प्रचंड कमान उंच चढत गेली आहे. खिडक्या थोड्या आणि लहान. लांबून पाहतां तो किल्ला असण्यापेक्षां डोळे मिटून बसलेला एखादा दांडगा प्राणी असावा असा भास होतो.

किल्ल्याच्या नांवावर क्रूर कथा पुष्कळ आहेत. डी सूलिस घराण्यांतील एक सरदार जादूटोणा करीत असे आणि रयतेनें त्याला शिशाच्या पत्र्यांत गुंडाळून उकळत्या कढईंत टाकलें, अशी एक दंतकथा आहे. इतिहास तिला आधार देत नाहीं. दुसरी कथा मात्र इतिहासांतली आहे. १३४२ सालीं विल्यम डग्लस यानें सर अलेक्झांडर रॅम्से या आपल्या प्रतिस्पर्ध्याला पकडून येथल्या तळघरांत टाकलें आणि उपाशी मारलें. वरच्या कोठारांतून फटींवाटे गळणारे धान्याचे दाणे वेंचून तो कांहीं दिवस जगला, असें सांगतात. रॅम्से हा कांहीं शत्रु नव्हता. दोघेहि एकाच राजाचे सेवक आणि इंग्रजांशीं एकाच बाजूनें लढलेले. राजानें त्याला एक अधिकाराची जागा दिली, जी डग्लसला हवी होती, एवढाच त्याचा अपराध. हर्मिटेजचा मालक होणें म्हणजे लिडस्डेलचा रखवालदार होणें. आणि या रखवालदारावर रखवाली करणारा कोणी नव्हता.

किल्ल्याचें नांव जगाला ठाऊक झालें तें मेरी राणीच्या दौडीमुळें. १५६६ च्या ऑक्टोबरांत स्कॉटलंडची राणी मेरी न्यायदानासाठीं जेडबर्ग येथें मुक्कामाला होती. तिचा सरदार बॉथवेल, त्या वेळचा लिडस्डेलचा रक्षक, एका एलियटाला पकडावयास गेला असतां जबर जखमी होऊन हर्मिटेजमध्यें पडला होता. राणी जेडबर्गहून घोड्यावर निघाली, डोंगर आणि दलदली ओलांडून सुमारे पंचवीस मैल येऊन त्याला भेटली आणि त्याच दिवशीं परत गेली. वाटेंत तिचा घोडा ज्या दलदलींत रुतला म्हणतात तिला अजून राणीचेंच नांव आहे. परत जातांच ती तापानें इतकी आजारी पडली कीं तिची आशा सुटली होती. जेडबर्गांत ज्या घराशीं या आजाराची आठवण जोडलेली आहे तें आतां लोकांना पाहावयास खुलें आहे. पुढच्या फेब्रुवारींत तिच्या नवऱ्याचा खून झाला आणि मे महिन्यांत तिनें बॉथवेलशींच लग्न केलें. त्यामुळें ही दौड प्रेमाची होती असें ठरवून कादंबरीकारांनीं तिच्यावर पानेंच्या पानें खर्च केलीं. वस्तुतः ती एकटी गेली नव्हती, बरोबर सरदार होते, आणि सीमेचा मुख्य रक्षक अंथरुणाला खिळलेला असतांना राणीनें त्याची भेट घेणें हें राज्यकारभारांतलेंच काम होतें. दोन्ही गोष्टी एकाच वेळीं खऱ्या असूं शकतील. परंतु पुरावा दुसऱ्या गोष्टीचा आहे.

हर्मिटेज राजसत्तेचा, उलट एस्कच्या कांठीं, लँगहोमच्या दक्षिणेला, गिल्नॉकीचा मनोरा आहे तो आर्मस्ट्राँगांचा. सीमेवर असे मनोरे शेंकड्यांनीं होते. चौरस, चारपांच मजल्यांचे, भिंती सहासहा फूट जाड. तळमजल्यावर दगडी घुमटाखालीं गुरें बांधावयाचीं, वर माणसांनीं राहावयाचें, अरुंद वळणाच्या जिन्यावर एका वेळीं एकालाच चढतां यावें, आणि छपराच्या कडेला इशाऱ्याचा जाळ पेटवण्याची जागा ठेवावयाची. लांकडी दारामागें लोखंडी पट्ट्यांची जाळी असे. गिल्नॉकींत आज आर्मस्ट्राँग घराण्याचें संग्रहालय आहे, आणि अशा घरांत संसार कसा चालत असेल याची कल्पना तेथें येते. उबेपेक्षां धूर अधिक, उजेडापेक्षां भिंत अधिक.

या मनोऱ्याशीं ज्याचें नांव जोडलें आहे तो जॉनी आर्मस्ट्राँग. १५३० सालीं स्कॉटलंडचा तरुण राजा पांचवा जेम्स सीमेवर बंदोबस्तासाठीं सैन्य घेऊन आला. जॉनी आपल्या निवडक माणसांसह, उत्तम पोषाख करून, राजाला भेटावयास गेला. कार्लनरिग येथें राजानें त्याला व त्याच्या साथीदारांना पकडून झाडांना टांगलें. राजानें अभयपत्र देऊन विश्वासघात केला, असें पोवाडा सांगतो. आपण लुटलें तें इंग्रजांना, स्वदेशीयांना नव्हे, ही त्याची बाजूहि पोवाड्यांत आहे. कार्लनरिगच्या चर्चजवळ त्यांच्या स्मरणार्थ दगड बसविलेला आहे. चोराला राजानें फांशीं दिलें तर लोकांनीं राजाला दोष कां द्यावा, असा प्रश्न परक्याला पडेल. उत्तर इतकेंच कीं, राजा वर्षांतून एकदां येई आणि आर्मस्ट्राँग बारा महिने शेजारीं असत.

गिल्नॉकीहून खालीं गेलें कीं ‘वादग्रस्त मुलूख’ लागतो. एस्क आणि सार्क या नद्यांमधला हा सुमारे दहा मैल लांबीचा पट्टा कोणत्या राज्याचा हें ठरत नव्हतें. म्हणून एक अजब तोड काढलेली होती : दिवसा येथें दोन्हीकडच्यांनीं गुरें चारावींत, पण सूर्यास्तानंतर कोणीं राहूं नये, आणि घर तर मुळींच बांधूं नये. अर्थात् जेथें कायद्यानें कोणी राहावयाचें नाहीं तेथें कायद्याबाहेरचे लोकच राहूं लागले. शेवटीं १५५२ सालीं फ्रान्सच्या वकिलाला मध्यस्थ करून मुलूख वांटून घेण्यांत आला, आणि नवी सीमा म्हणून एक मातीचा बांध घालण्यांत आला. त्याला ‘स्कॉट्स डाइक’ म्हणतात. साडेतीन मैलांचा हा बांध आज झाडींत दडलेला, जागोजागीं सपाट झालेला आहे. शोधून पाहावा लागतो आणि पाहिल्यावर कदाचित् निराशाहि होते. पण पंचाच्या निवाड्यानें आंखलेली राज्याची सीमा अशी पायाखालीं लागण्याचा प्रसंग क्वचितच येतो.

याच प्रदेशांतला किनमाँट विली आर्मस्ट्राँग हा नामांकित लुटारू १५९६ च्या मार्चमध्यें वॉर्डनांच्या बैठकीहून परत जात असतां, म्हणजे अभयाच्या दिवशींच, इंग्रजांनीं पकडला आणि कार्लाइलच्या किल्ल्यांत ठेवला. करार मोडला म्हणून लिडस्डेलचा रक्षक बक्लूचा वॉल्टर स्कॉट यानें तक्रार केली, दाद लागेना. तेव्हां १३ एप्रिलच्या पावसाळी रात्रीं सुमारे ऐंशी स्वार घेऊन त्यानें नदी ओलांडली, किल्ल्यांत शिरून विलीला सोडविलें आणि उजाडण्यापूर्वीं परत आला. इंग्लंडची एलिझाबेथ राणी संतापली. दोन राज्यांत मोठाच पेंच पडला. या बक्लूच्या स्कॉट घराण्याचें नांव पुढें पुन्हा येणार आहे.

१६०३ सालीं एलिझाबेथ वारली आणि स्कॉटलंडचा सहावा जेम्स इंग्लंडच्याहि गादीवर आला. एका रात्रींत सीमा नाहींशी झाली. राजानें फर्मावलें कीं हा आतां ‘मध्यप्रांत’ समजावा, मनोऱ्यांचे लोखंडी दरवाजे काढून त्यांचे नांगराचे फाळ करावे. एवढ्यावर गोष्ट थांबती तर बरें झालें असतें. दोन्ही बाजूंचे मिळून एक मंडळ नेमण्यांत आलें आणि त्यानें फांशींचा सपाटा लावला. ग्रॅहम घराण्यांतील कुटुंबेंच्या कुटुंबें १६०६ सालीं आयर्लंडांत हद्दपार केलीं. आर्मस्ट्राँगांच्या जमिनी गेल्या. जे काल राजाच्या कामीं येणारे कडवे स्वार होते ते आज नुसते चोर ठरले. मोठ्या जमीनदारांचें मात्र भलें झालें. कार्लाइलवर चालून जाणाऱ्या बक्लूला १६०६ मध्यें लॉर्ड पदवी मिळाली. आजची शांतता या मार्गानें आली आहे. रिकामे मनोरे पाहणाऱ्याला हें कोणी सांगत नाहीं.

स्वारीचे दिवस संपल्यावर उरलीं गाणीं. मराठींतला पोवाडा आणि जात्यावरची ओवी यांच्या मधला हा प्रकार. तो वीराचा असतो, पण गातात तो बहुधा चुलीपाशीं, आणि बहुधा बायका. सर वॉल्टर स्कॉट हा पुढें कादंबरीकार म्हणून जगप्रसिद्ध झाला. परंतु १७९२ पासून सात वर्षें, तरुण वकील असतांना, तो दरवर्षीं लिडस्डेलांत येई आणि मेंढपाळांच्या घरोघर बसून हीं गाणीं उतरून घेई. त्याची दोनचाकी गाडी ही त्या खोऱ्यांत शिरलेली पहिली चाकाची गाडी, असें त्याचा चरित्रकार लॉकहार्ट सांगतो. रस्तेच नव्हते. १८०२ सालीं त्याचा संग्रह प्रसिद्ध झाला. एट्रिकच्या खोऱ्यांत कवि जेम्स हॉग याची आई मार्गारेट लेडलॉ हिनें स्कॉटला स्पष्ट सुनावलें कीं, हीं गाणीं गाण्यासाठीं होतीं, वाचण्यासाठीं नव्हेत. तुम्ही छापून त्यांचा मंत्र घालविला. म्हातारीचें म्हणणें खोटें नव्हतें. किनमाँट विलीचा पोवाडा स्कॉटनें छापला आहे त्यांत लोकांचा भाग किती आणि स्वतः स्कॉटचा किती याचा संशय अभ्यासकांना आजहि आहे. पण छापलीं नसतीं तर तीं म्हातारीबरोबरच गेलीं असतीं, हेंहि तितकेंच खरें.

या संग्रहांत स्कॉटला मदत करणारा जॉन लेडन हा डोंगरापलीकडच्या डेनहोम खेड्यांतला, मेंढपाळांत वाढलेला मुलगा. त्याला भाषांचें विलक्षण वेड. १८०३ सालीं तो मद्रासेस आला, आणि १८११ मध्यें जावा बेटावर तापानें वारला तेव्हां अवघा पस्तीस वर्षांचा होता. बाबराच्या आत्मचरित्राचें त्यानें हातीं घेतलेलें इंग्रजी भाषांतर मुंबईस राहिलेल्या विल्यम अर्स्किन यानें पुरें केलें. तें १८२६ सालीं छापून निघालें. डेनहोमच्या हिरवळीवर लेडनचें स्मारक आहे.

परंतु मराठी माणसाचा ज्याच्याशीं खरा संबंध आला तो एस्कडेलचाच. लँगहोमहून उत्तरेस, एस्कच्या कांठीं, बर्नफुट नांवाच्या शेतघरांत १७६९ सालीं जॉन माल्कम जन्मला. सतरा भावंडांचें घर, आणि बापाचें व्यापारांत दिवाळें निघालेलें. तेरा वर्षांच्या जॉनला कंपनीच्या संचालकांपुढें उभें केलें, आणि हैदरअल्ली भेटला तर काय करशील, असें कोणी विचारतांच, तलवार उपसून त्याचें डोकें उडवीन, असें उत्तर त्यानें दिलें. त्याला नोकरी मिळाली. पुढें २१ डिसेंबर १८१७ रोजीं महिदपूरच्या लढाईंत होळकरांच्या सैन्याचा मोड करणाऱ्यांत तो होता, आणि ३ जून १८१८ रोजीं दुसरा बाजीराव त्याच्याच स्वाधीन झाला. बाजीरावाला सालीना आठ लक्षांचें वेतन देण्याचें त्यानें कबूल केलें. तें फार झालें म्हणून कलकत्त्याहून त्याच्यावर नापसंतीहि झाली. १८२७ ते १८३० तो मुंबईचा गव्हर्नर होता. महाबळेश्वरच्या थंड हवेच्या ठिकाणासाठीं सातारच्या छत्रपतींकडून जागा घेण्यांत आली ती त्याच्याच कारकीर्दींत, आणि तेथल्या वस्तीला माल्कमपेठ हें नांव पडलें. मुंबईच्या टाउन हॉलांत चँट्रीनें घडविलेला त्याचा पुतळा आहे.

लँगहोमच्या माथ्यावरील व्हिटा टेकडीवर १८३५ सालीं उभारलेला त्याचा दगडी स्तंभ सुमारे शंभर फूट उंच असून खोऱ्यांत कोठूनहि दिसतो. पुण्याचें राज्य बुडविण्यांत ज्याचा हात, त्याचें स्मारक या मेंढपाळांच्या गांवावर असें उभें पाहून महाराष्ट्रीय मनुष्याला काय वाटेल तें सांगावयास नकोच. त्याच्या घरचे चौघे भाऊ ‘सर’ झाले. एकानें सेंट हेलिनाच्या आरमारी ठाण्यावर नेपोलियनच्या बंदिवासाच्या काळांत काम केलें, दुसरा मुंबईच्या आरमाराचा प्रमुख होता. लुटीची संवय खोऱ्यानें सोडली नाहीं, फक्त सीमा दूर नेली, असें कोणी म्हणेल. हा तर्क फार ताणूं नये. या घराला लांब जावें लागलें तें दिवाळ्यामुळें, आर्मस्ट्राँगांच्या रक्तामुळें नव्हे.

त्याच एस्कडेलांत, वेस्टरकर्क परगण्यांत, १७५७ सालीं एका मेंढपाळाच्या झोपडींत थॉमस टेलफर्ड जन्मला. बाप त्याच वर्षीं वारला. लँगहोमांत गवंडीकाम शिकलेला हा पोर पुढें ब्रिटनमधील रस्ते, पूल आणि कालवे बांधणारा पहिल्या प्रतीचा स्थापत्यशास्त्रज्ञ झाला. मेनाय सामुद्रधुनीवरचा १८२६ चा झुलता पूल त्याचा. वेस्टरकर्कचें वाचनालय मात्र त्याच्या पुलांहूनहि अधिक जिव्हाळ्याचें वाटतें. १७९३ सालीं जवळच्या अंजनाच्या खाणींतील मजुरांनीं तें काढलें, आणि मरतेवेळीं टेलफर्डनें त्याला एक हजार पौंड ठेवले. महिन्यांतून एकदां, पौर्णिमेच्या दिवशीं, शेतकरी, मेंढपाळ आणि त्यांचीं मुलें पुस्तकें बदलावयास येत, असें त्याचा चरित्रकार स्माइल्स लिहितो. दोनशें वर्षांपूर्वीं ज्या चांदण्याचा उपयोग गुरें पळवण्यासाठीं होई, त्यांत आतां पुस्तकें घेऊन लोक घरीं परतूं लागले होते.

न्यूकॅसलटनहि १७९३ चेंच. बक्लूच्या ड्यूकनें हातमागावरच्या विणकऱ्यांसाठीं सरळ रस्ते आंखून तें वसविलें. १८६२ सालीं तेथून एडिंबरो-कार्लाइल रेल्वे सुरू झाली आणि खोऱ्याला प्रथमच बाहेरचें जग जवळ झालें. तोटा येतो म्हणून १९६९ च्या जानेवारींत ती बंद करण्यांत आली. शेवटची गाडी मध्यरात्रीनंतर न्यूकॅसलटनला आली तेव्हां गांवकऱ्यांनीं फाटक लावून ती अडविली. पुढें गांवचा धर्मोपदेशक होता. पोलिसांनीं त्याला धरून नेलें. गाडींत असलेले पार्लमेंटचे सभासद डेव्हिड स्टील यांनीं मध्यस्थी केली, धर्मोपदेशक सुटला, लोक बाजूला झाले आणि गाडी गेली. २०१५ सालीं या मार्गाचा एडिंबरोकडचा भाग ट्वीडबँकपर्यंत पुन्हा सुरू झाला. लिडस्डेलपर्यंत रूळ परत आलेले नाहींत.

लँगहोमला जावयाचें तर जुलैच्या शेवटच्या शुक्रवारीं जावें. त्या दिवशीं ‘कॉमन राइडिंग’ असतें, म्हणजे गांवच्या सामाईक जमिनीच्या हद्दीवरून घोड्यावर बसून फिरावयाचें. १७५९ सालीं वरिष्ठ न्यायालयानें ही सामाईक जमीन कोणती तें ठरवून दिलें. तेव्हांपासून हद्दीचीं निशाणें तपासण्याची प्रथा पडली. मिरवणुकींत चार गोष्टी उंच धरून नेतात : हद्दीवर माती खणण्याचें फावडें, उत्कटारीसारखें भलें मोठें कांटेरी थिसलचें झाड, गुलाबांचा मुकुट, आणि लांकडी तबकावर खिळ्यानें ठोकलेली जवाची भाकर व तिच्यावर खारवलेला हेरिंग मासा. घोड्याच्या पाठीवर उभा राहून एक जण जुनी दवंडी पिटतो. घोडेस्वार सरळ चढणीनें व्हिटावर धांवत जातात. तीं सारीं नांवें ऐकावींत तर तींच, आर्मस्ट्राँग, एलियट, स्कॉट. १९७२ सालीं चंद्रावर पाऊल टाकणारा नील आर्मस्ट्राँग येथें आला आणि गांवानें त्याला मानाचें नागरिकत्व दिलें. त्या वेळीं अधिकाऱ्यानें, गांवांत सांपडलेल्या आर्मस्ट्राँगाला फांशीं द्यावें असा जुना कायदा थट्टेनें वाचून दाखविला.

सामाईक जमिनीची ही आठवण नुसती उत्सवापुरती राहिली नाहीं. लँगहोमच्या भोंवतालचा माळ पिढ्यान् पिढ्या बक्लूच्या ड्यूकांच्या मालकीचा होता, कार्लाइलहून विलीला सोडवून आणणाऱ्याच्याच वंशजांच्या. २०१९ सालीं ड्यूकांनीं तो विकावयास काढला. लोकरीच्या गिरण्या बंद पडून गांव ओसरत चाललेलें, लोकसंख्या दोनअडीच हजारांची. तरी गांवकऱ्यांनीं तो आपणच घ्यावा असें ठरविलें. घरोघर आणि देशोदेशीं वर्गणी मागितली, संस्थांचीं अनुदानें मिळविलीं, आणि २०२१ सालीं ५,२०० एकर जमीन ३८ लक्ष पौंडांना विकत घेतली. पुढच्या वर्षीं आणखी ५,३०० एकर घेतली. आतां तेथें टारस खोऱ्याचें राखीव निसर्गक्षेत्र आहे. शिकारीसाठीं राखलेल्या त्या माळावर बर्च आणि रोवन अशीं मूळचीं झाडें वाढूं देतात, दलदलीची जळाऊ माती सुकूं नये म्हणून पाणी अडवितात, आणि हॅरियर जातीचे ससाणे तेथें घरटीं करतात. न्यूकॅसलटनहून येणारा उघडा रस्ता याच जमिनीवरून जातो.